नथ्थूभाऊंचा उरलेला घोट

नथ्थूभाऊ चहा संपवत नसत. तळाशी एक घोट राखूनच ते कप खाली ठेवत, आणि तोही भिंतीकडे जरा सरकवून, म्हणजे कोणाच्या धक्क्यानं सांडू नये. आमच्या समोरच्याच घरात राहत, त्यामुळे संध्याकाळचा चहा रोज आमच्याकडे ठरलेला. माझी बायको कुसुम हिचा जीव त्या घोटात अडकलेला असे. "सगळी साखर तळाशी असते, आणि नेमकी तीच हे टाकतात," असं ती कप विसळताना मला ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणे. एकदा तिनं युक्ती म्हणून अर्धाच कप दिला. नथ्थूभाऊंनी अर्ध्यातलाही एक घोट ठेवला.

शेवटी तिनं विचारलंच, "भाऊजी, चहात काही कमी असतं का?"

"नाही वहिनी, फक्कड हाये. पण शेवट राहू द्यावा. जोडाले कामी येते."

चहाच्या घोटाला काय जोडणार, हे आम्हा दोघांनाही कळलं नाही.

बरं, चहापुरतंच असतं तर सोडून दिलं असतं. केळं खाल्लं तर शेवटचा तुकडा सालीतच. मावा जलेबीसाठी आमच्या गावात लोक रांगा लावतात. नथ्थूभाऊ तिचा शेवटचा वळसा कागदात तसाच ठेवून कागदाची घडी करत. दिवाळीला घराला चुना मारला तर मागच्या भिंतीला हातभर जागा कोरी. न्हावी डाव्या कानाखाली चार केस सोडून देई. एकदा दुकानात नवा न्हावी आला, त्यानं बिचाऱ्यानं मन लावून सगळं गुळगुळीत केलं, तर हे भर चैत्रात आठवडाभर कानाला मफलर गुंडाळून हिंडले.

गोष्टी सांगायचे त्याही अशाच. माझी सासू चांदनीहून दोन दिवसांसाठी आली होती. नथ्थूभाऊंनी तिला जत्रेत हरवलेल्या मुलीची गोष्ट सुरू केली, आणि मुलगी आता सापडणार इतक्यात टोपी घालून उठले. सासूबाई पाच दिवस राहिल्या. मुलगी सापडली नाही. त्या आठवड्यात मी नथ्थूभाऊंशी नीट बोलत नव्हतो.

त्यांचा धंदा काठ काढण्याचा. म्हणजे लुगड्यांच्या काठांची नक्षी, चौकड्यांच्या कागदावर, एकेक घर रंगवून. गावात वीजमाग आले होते, आणि मागवाले मालक नक्षी त्यांच्याकडूनच करून नेत. कागदाच्या कोपऱ्यात एक घर कोरं असे. "भाऊ, हे एवढं भरा की," म्हणून मालक मागे लागत. "तुम्ही भरा," म्हणून नथ्थूभाऊ चालू लागत.

माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत, काठ राहत. शनवाऱ्याच्या बाजारातून निघाले की नजर खाली, जाणाऱ्या-येणाऱ्या बायकांच्या घोट्यांवर. दुसरा कोणी असा चालता तर मार खाता. पण नथ्थूभाऊंचं सगळ्यांना माहीत. बायकांना ते काठाच्या नावानंच ओळखत. "रुईफुल माहेराहून आलेली दिसते." "करवतकाठीले बरं नाही वाटते, पाय ओढून राह्यली." एकदा कुसुमनं नवं लुगडं नेसलं, तर संध्याकाळी मला बाजूला घेऊन विचारतात, "बाबूजी, घरी पाव्हणी आली काय?"

आता त्या शेवट ठेवण्याबद्दल. ती सवय मूळची मागावरची, हे मला फार उशिरा कळलं. ताणा म्हणजे मागावर ताणलेले उभे दोरे. तो संपला की विणकर दोरे सगळेच्या सगळे कापून टाकत नाही. हातभर शेपूट मागावर, फणीत ओवलेलं, तसंच राहू देतो. नवा ताणा आला की त्याचा एकेक दोरा त्या जुन्या शेपटाला सांधायचा, मग ते सांधे हलक्या हातानं ओढून फणीतून पुढं घ्यायचे, की नवं लुगडं सुरू. शेपूट कापलं तर दोन-अडीच हजार दोरे पुन्हा एकेक करून ओवत बसा. म्हणून विणकराच्या घरी माग कधी रिकामा नसतो. बापाच्या ताण्याला मुलाचा ताणा जोडलेला असतो.

नथ्थूभाऊंच्या घरातही एक माग होता, लाकडी चौकटीचा, खिडकीपाशी. त्यावर हिरवा ताणा चढवलेला, दोन्ही कडांना लाल काठ. कित्येक वर्षं तो तसाच होता. रोज सकाळी ते त्यावरची धूळ मोराच्या पिसानं झटकत. विणत मात्र नसत. लोक म्हणत, म्हातारा आळशी आहे. मीही म्हणत असे.

हे सगळं चाललं होतं तेव्हा नवा मध्यप्रदेश होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. आमची राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली आणि आम्ही होतो तिथंच राहिलो. चार ठिकाणचे मुलूख जोडून एक राज्य केलं होतं, आणि ते खरोखर जोडलं गेलंय हे दिसावं म्हणून कारकुनांना इकडून तिकडे पाठवत होते. मी तहसील कचेरीत कारकून. माझं हिंदी भाजी घेण्यापुरतं. माझ्या शेजारच्या टेबलावरचा माणूस एका कागदानिशी रीव्याला गेला. त्याचं पत्र आलं, त्यात इथं वरणात काय घालतात ते विचारू नका एवढंच लिहिलं होतं. माझी आई अंथरुणाला खिळलेली. मला झोप लागेना.

अशात भोपाळहून एक साहेब आले. नव्या राज्यातल्या गावोगावच्या पोशाखांची आणि विणकामाची प्रदर्शनं भरवायची होती, आणि आमचं गाव म्हणजे कापडाचंच गाव. शाळेचा मोठा हॉल ठरला. माणूस खरंच चांगला होता, उत्साही, सगळ्यांना जी लावून बोलणारा. सगळी मांडामांड माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "एक हाथ का करघा ज़रूर चाहिए, बाबूजी. पुराना, ताने समेत. काम अच्छा रहा तो आपको यहीं रखवा लूँगा."

त्यांनी शब्द मनापासून दिला होता. माझी बदली तरीही तीन महिन्यांनी झालीच. हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढं जे घडलं ते किती फुकट घडलं ते वाचणाऱ्याच्या ध्यानात राहील.

गावातले बाकीचे हातमाग एक तर खड्ड्यातले, जागचे हलणार नाहीत असे, नाही तर मोडून सरपणात गेलेले. उचलून नेण्याजोगा, ताणा चढवलेला एकच. मी समोरच्या घरी गेलो.

"माग नाही देता येत, बाबूजी," नथ्थूभाऊ म्हणाले. त्यांनी मला एवढं तोडून कधी काही सांगितलं नव्हतं. मग हाताला धरून मागापाशी नेलं आणि फणीच्या मागं बोट दाखवलं. तिथं या कडेपासून त्या कडेपर्यंत बारीक बारीक सांध्यांची एक सरळ ओळ होती, मोहरीएवढ्या गाठी, एकीसारखी दुसरी.

"हे तिचं काम," ते म्हणाले.

ती म्हणजे गोदावहिनी, त्यांची बायको. सांधण्याचं काम विणकरांच्या घरात बायका करतात, बोटं चिमूटभर राखेत बुडवून. गोदावहिनींनी तीन दिवस बसून तो सगळा ताणा सांधला होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कमरेवर हात ठेवून उठल्या आणि म्हणाल्या, "झालं. उद्या ओढून घेऊ." त्याच दिवशी अंगात ताप भरला. आठव्या दिवशी ताप्तीवर नेलं. याला नऊ वर्षं झाली होती. सांधे नऊ वर्षं जिथल्या तिथं होते. ते पुढं ओढले की कापडात जाणार, आणि सांध्यांची ती पहिली वीतभर पट्टी विणकर कापून फेकून देतो. गाठाळ असते, कशाला उपयोगाची नसते.

मी घरी आलो. कुसुमला सांगितलं. ती म्हणाली, "गोदावहिनी होत्या तेव्हा भाऊजी चहा संपवायचे हो. मला आत्ता आठवलं."

हे कळल्यावर माणसानं काय करायला हवं होतं, ते मला माहीत आहे. मी ते केलं नाही. दोन दिवसांनी मी पुन्हा त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो, बदलीचं सांगितलं, आईचं सांगितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं, पण ते कोणासमोर येतंय हे मला चांगलं ठाऊक होतं.

नथ्थूभाऊ मोराचं पीस हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "विणाचं नाही. कोणी हात लावाचा नाही. नुसतं पाहाचं. असं असन तर न्या."

"माझा शब्द," मी म्हणालो.

आठ माणसांनी माग उचलला. नथ्थूभाऊ सबंध रस्ता ताण्याखाली दोन्ही तळहात धरून चालले, झोळीतलं पोर दचकू नये तसे. शनवाऱ्यात एका बाईनं मला विचारलं, "कोन बिमार हाय वो?" हॉलमध्ये माग ठेवल्यावर त्यांनी सांधे या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिले आणि मला नमस्कार केला. मला. तो नमस्कार मी अजून विसरलेलो नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मी सहापासून हॉलमध्ये होतो, आणि सकाळ सगळी पुतळ्यांनी खाल्ली. इंदूरहून प्लॅस्टरच्या तीन बायका आणल्या होत्या, आमच्याकडचा पेहराव घालून उभ्या करायला. त्यांचे पाय एकमेकांना चिकटवलेले. आता नऊवारीचा कासोटा घालायचा कुठून? दोन कारकून आणि एक शिपाई मिळून आम्ही तासभर त्या बायांशी झटत होतो. शेवटी लुगडी टॉवेलासारखी गुंडाळून टाकली. दापोरा गावाहून लवकर आलेल्या चार बायका ते बघून तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. एक म्हणाली, "बाई वं, हिचा कासोटा कोनं नेला?" साहेब मला विचारत होते, त्या काय म्हणतायत. मी म्हणालो, तारीफ करतायत.

इतक्यात शिपाई म्हणाला, फीत कुठाय? लाल फीत आणायची माझ्याकडे होती. मी विसरलो होतो. दुकानं उघडायला वेळ होता, साहेब घड्याळ बघत होते. मी हॉलभर फिरलो तर मागाजवळच्या बाकावर कापडाची एक वीतभर रुंद, लांब पट्टी पडलेली. हिरवी, दोन्ही टोकांना लाल. म्हटलं, देव पावला. दोन्ही टोकांना सुतळी बांधली आणि दारात ताणून दिली. गाठाळ होती जराशी. मागाकडे मी मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

पाहिलं असतं तर तिथं सुलेमानभाई दिसले असते. नथ्थूभाऊंचे लहानपणापासूनचे दोस्त, पलीकडच्या गल्लीतले, विणकामात गावात एक नंबर. त्यांनी विणलेली चार लुगडीही प्रदर्शनात होती म्हणून पहाटेच आले होते. त्यांनी मित्राचा माग पाहिला, ताणा सांधलेला पण न ओढलेला. ते सांधे कोणाच्या हातचे, हे नथ्थूभाऊंनी त्यांनाही कधी सांगितलं नव्हतं. ओढायला आता नथ्थूच्या हातात जोर नसेल, त्यांना वाटलं. भोपाळच्या साहेबापुढं आपल्या मित्राचा माग मुका राहावा हे त्यांच्यानं बघवेना. ते मागावर बसले. कसबी हातानं एकही दोरा न तोडता सगळे सांधे पुढं ओढले, फणीतून काढले, आणि विणायला लागले. सांध्यांची पहिली वीतभर पट्टी कोणताही नेक विणकर कापतो तशी कापून बाजूला ठेवली, उरलेले दोरे पुन्हा बांधले, आणि त्यापुढं स्वच्छ, नितळ हिरवं कापड विणून काढलं. मी दारात पट्टी बांधत होतो तेव्हा धोट्याचा आवाज येत होता. तो मला छान वाटला होता; कोणत्या मागाचा, हे डोक्यातच आलं नाही.

नथ्थूभाऊ आले ते धुतलेलं धोतर, कोट, काळी टोपी घालून. दाराबाहेर गर्दीत मागं उभे राहिले. साहेबांनी भाषण केलं. नवा प्रदेश, चार मुलूख, एकमेकांना जोडणं, धागा धागा जोडून कपडा होतो तसा प्रदेश होतो, असं बरंच बोलले. टाळ्या पडल्या. मग म्हणाले, उद्घाटन माझ्यासारख्यानं कशाला करायचं, ज्यांचा माग आहे त्यांनीच करावं. स्वतः गर्दीत शिरून त्यांनी नथ्थूभाऊंचा हात धरून पुढं आणलं आणि कात्री दिली. मला भरून आलं. मी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

नथ्थूभाऊंनी कात्री उजव्या हातात घेतली आणि डाव्या हातानं पट्टी धरली. कापड हातात आलं की ते दोन बोटांत चोळून पाहत, तशी सवयीनं चोळली. बोटं थांबली. मग एका बाजूनं दुसऱ्या बाजूकडे सरकायला लागली, एकेक गाठ चाचपत.

मी मागं वळून हॉलमध्ये पाहिलं. मागावर दोन हात नवं लुगडं चमकत होतं, आणि शेजारी सुलेमानभाई पानानं रंगलेलं तोंड भरून हसत उभे होते. त्यांनी तिथूनच हाक दिली, "देख नथ्थू, चालू कर दिया! अब बोल!"

नथ्थूभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी तोंड उघडलं, पण साहेब शेजारी होते आणि माझ्या तोंडातून काही बाहेर पडलं नाही. ते मी आता लिहून काढतोय.

"काटिए, काटिए," साहेब म्हणाले.

नथ्थूभाऊंनी कापायला सुरुवात केली. हळूहळू कापत नेलं आणि शेवटचं बोटभर राहिलं तिथं थांबले. नेहमीसारखे. पट्टी तेवढ्या बोटभर कापडावर लोंबत राहिली. लोक हसले. साहेबांना वाटलं, म्हाताऱ्याचा हात थकला. त्यांनी मोठ्या मायेनं आपला हात त्यांच्या हातावर ठेवला आणि दोघांनी मिळून ते बोटभर कापून टाकलं.

सगळे आत गेले. मी गेलो नाही. नथ्थूभाऊंनी दोन्ही तुकड्यांची सुतळी सोडली, तुकडे एकमेकांवर ठेवून घडी केली आणि कोटाच्या खिशात ठेवली. मग तेही आत गेले, सुलेमानभाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि नवं कापड बोटांत चोळून पाहिलं. "चांगलं उतरलं," एवढं म्हणाले. सुलेमानभाईंचा चेहरा फुलला.

संध्याकाळी ते आमच्याकडे आले. येतील असं मला वाटलं नव्हतं. कुसुमला मी सगळं सांगितलं होतं. तिनं चहा ठेवला आणि आतच थांबली. मी म्हणालो, "भाऊ, माझ्या हातून..."

"सुलेमानले सांगू नोका," ते म्हणाले. "त्यानं काम बराबर केलं. ताणा चढला म्हंजे विणाच लागते. मीच नव्हतो विणत."

मग थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तुमचं काम झालं ना, बाबूजी? साहेब खूश हाये ना?"

मी मान हलवली. त्यांनी चहा घेतला. कप खाली ठेवला, टोपी घातली, आणि समोर आपल्या घरी गेले. ओट्यावरून मला त्यांची खिडकी दिसत होती. माग नसल्यामुळे पलीकडची भिंत दिसत होती, आणि तिच्यावर चुना न मारलेली ती हातभर जागा.

कुसुम कप उचलायला आली. मी तिची नेहमीची कुरकुर ऐकायला तयार होतो. मला ती हवीच होती. ती काही बोलेना म्हणून मी वर पाहिलं. तिनं कप उलटा धरला होता. त्यातून एक थेंब पडला नाही.

"संपवला हो भाऊजींनी," ती म्हणाली, आणि कप छातीशी धरून तिथंच खाली बसली.